चार आण्यांची होडी, बारा आण्यांचे तेल
वापरलेल्या वेगवान नौकांच्या बाजाराची शंभर वर्षे

वेगवान मोटारनौका ही श्रीमंतांची चीज, असा आपला सर्वसाधारण समज असतो. नव्या नौकेपुरता तो खरा आहे. पण ही नौका जुनी झाली, की तिची किंमत ज्या झपाट्याने उतरते तशी घराची, शेतीची किंवा साध्या मच्छीमार होडीचीही उतरत नाही. दहा-पंधरा वर्षे वापरलेली, अजून दिमाखदार दिसणारी, पाचशे अश्वशक्तीची नौका कधी कधी बेताच्या मोटारगाडीच्या भावात मिळते. मुंबईच्या गोदीत डागडुजीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. तिथे जुनी बोट घ्यायला निघालेले लोक नेहमी एकच प्रश्न विचारत, ‘केवढ्याला पडेल?’ ती पिते किती, हे विचारणारा क्वचितच भेटे. हा दुसरा प्रश्न मागे का पडतो आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे शोधता शोधता मी अमेरिकेच्या जलवेगाच्या इतिहासात शिरलो. स्वस्तात मिळालेल्या वेगाचे सर्वांत मोठे प्रयोग तिथेच झाले आहेत.

हा इतिहास मला तीन भरत्यांचा वाटतो. १९१९ नंतर, १९४५ नंतर आणि १९८० च्या दशकात अशा तीन वेळा वेगवान नौका किंवा त्यांची इंजिने बाजारात लोटली गेली. तिन्ही वेळा मूळ खर्च भलत्यानेच केला होता. पहिल्या दोन वेळा सरकारी तिजोरीने, तर तिसऱ्या वेळी हौशी धनिकांनी आणि अमली पदार्थांच्या पैशाने. घेणाऱ्याच्या हाती फक्त उरलेला माल आला, आणि त्या मालाबरोबर उरलेला खर्चही.

जुनी नौका घेणारा पहिला शहाणा

गारफील्ड वूड हा आयोवा राज्यात १८८० साली जन्मलेला कल्पक यंत्रज्ञ. मालमोटारीचा हौदा तेलाच्या दाबाने उचलून कलता करणारे यंत्र त्याने बनवले आणि त्यावर पैसा मिळवला. १९१६ साली त्याने एक वापरलेली शर्यतीची नौका विकत घेतली. तिचे नाव ‘मिस डेट्रॉइट’. आदल्याच वर्षी या नौकेने अमेरिकेतील प्रतिष्ठेचा गोल्ड कप जिंकला होता, पण तिच्या मालक मंडळींना तिचा खर्च झेपत नव्हता. शर्यत जिंकलेली नौका वर्षभरात विक्रीला निघते, यातच या धंद्याचे सगळे गणित दिसते.

वूडचे वेगळेपण पुढे आहे. नौका घेऊन तो थांबला नाही. मिशिगनमधील अल्गोनॅक या छोट्या गावात क्रिस स्मिथ नावाच्या कारागिराच्या कारखान्यात ती बांधली गेली होती. वूडने तिथे जाऊन त्या कारखान्यातही हिस्सा घेतला. म्हणजे नौकेबरोबर तिचा वैद्यही त्याने घरात आणला. १९१७ ते १९२१ अशी सलग पाच वर्षे गोल्ड कप वूडच्या नौकांनी जिंकला. क्रिस स्मिथने पुढे मुलांसह स्वतंत्र कारखाना काढला. तोच ‘क्रिस-क्राफ्ट’ या नावाने जगभर गाजला.

पहिली भरती: युद्धाने टाकून दिलेली इंजिने

१९१७ च्या उन्हाळ्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात नुकतीच उतरली होती. पॅकार्ड कंपनीचा जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट कंपनीचा एलबर्ट हॉल या दोघांनी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसून अवघ्या काही दिवसांत एका विमान-इंजिनाचा आराखडा तयार केला. हेच ‘लिबर्टी’ इंजिन. बारा सिलिंडर, सुमारे २७ लिटर आकारमान आणि ४०० अश्वशक्ती. अशी वीस हजारांहून अधिक इंजिने तयार झाली, पण ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध संपले आणि त्यांतील कितीतरी खोक्यातून बाहेरही न पडता गोदामात राहिली.

वूडने ही युद्धोत्तर इंजिने हजारांच्या संख्येने उचलली, त्यांत नौकेसाठी फेरफार केले आणि वापरली तशी विकलीही. फेरफार आवश्यक होते, कारण विमानाचे इंजिन जसेच्या तसे बोटीत बसत नाही. त्याला थंड करायला पाण्याची वेगळी सोय लागते, मागे जाण्यासाठी गिअर लागतो. शिवाय विमानाचे इंजिन हलके राहावे म्हणून बनवलेले असते. काही तास धावले की ते उघडून तपासायचे, असा त्याचा स्वभाव. स्मिथ यांच्या कारखान्यानेही युद्धातून उरलेली ९० अश्वशक्तीची ‘कर्टिस ओएक्स-५’ इंजिने आपल्या सुरुवातीच्या नौकांत बसवली. मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला परवडेल अशी वेगवान नौका ज्या काळात प्रथम बाजारात आली, त्या काळात तिचे हृदय युद्धाच्या भंगारातले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९२० साली वूडच्या ‘मिस अमेरिका’ने इंग्लंडमध्ये हार्म्सवर्थ करंडक जिंकला. तिच्यात दोन लिबर्टी इंजिने होती. त्याच वर्षी तिने ताशी सुमारे १२० किलोमीटरचा विक्रम केला. १९३२ मध्ये त्याच्याच ‘मिस अमेरिका एक्स’ने ताशी सुमारे २०१ किलोमीटर गाठले, तेव्हा तिच्या पोटात चार पॅकार्ड इंजिने आणि सुमारे ६,४०० अश्वशक्ती होती. नौका लांब आणि जड झाली होती हे मान्य करूनही हिशोब पाहा. वेग दुप्पटही झाला नाही, ताकद मात्र सात-आठ पट लागली. पाण्यावरच्या वेगाचा हा मूळ नियम आहे. शेवटचे दहा किलोमीटर पहिल्या पन्नासांपेक्षा महाग पडतात, आणि नौका जुनी झाली म्हणून हा नियम सवलत देत नाही.

कर्ज फेडायचा काळा मार्ग

मग ४०० अश्वशक्तीचे स्वस्त इंजिन घेतलेल्या सामान्य माणसाने पेट्रोलचे काय केले? ढोबळ हिशोबाने असे इंजिन पूर्ण जोरात चालले तर तासाला सव्वाशे लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. मासे धरून ते पैसे निघत नाहीत. पण १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि एक दुसरे उत्पन्न समोर आले.

परदेशी निशाणाची जहाजे दारू भरून किनाऱ्यापासून तीन मैलांच्या हद्दीबाहेर नांगर टाकून उभी राहत. या रांगेला लोक ‘रम रो’ म्हणत. १९२४ च्या ब्रिटनबरोबरच्या तहाने ही हद्द बदलली. आता मोजमाप मैलांत नव्हते, तर संशयित नौका तासाभरात जेवढे अंतर कापेल तेवढ्या टप्प्यात होते. रात्री किनाऱ्यावरून लहान वेगवान नौका निघत, माल उतरवत आणि उजाडण्यापूर्वी परतत. यांत कितीतरी नौका बिनरंगाच्या, बसक्या, आणि आत लिबर्टी किंवा तत्सम विमान-इंजिने असलेल्या होत्या. त्यांना पकडण्यासाठी तटरक्षक दलाने १९२४-२५ मध्ये ७५ फुटी २०३ गस्ती नौका बांधल्या. त्यांचा वेग मात्र ताशी १५ सागरी मैलांच्या आसपास. पळणारा तीसच्या वर जाई.

आता या कथेतली सर्वांत विलक्षण गोष्ट. पकडलेली नौका कायद्याप्रमाणे लिलावात निघे. लिलावात बोली लावायला कोण येणार? जुनी वेगवान नौका कशी चालवायची आणि तिच्यातून पैसा कसा काढायचा हे ज्याला ठाऊक, तोच. त्यामुळे अनेकदा नौका फिरून त्याच टोळीच्या हाती जाई, तीही कमी दरात. सरकार एका अर्थाने तस्करांचा जुना माल विकणारा दलाल बनले होते. हे थांबवण्यासाठी पुढे जप्त नौका तटरक्षक दलानेच वापरायला घेण्याची सोय कायद्यात केली गेली.

‘ब्लॅक डक’ ही यातली नामांकित नौका. लांबी सुमारे ५० फूट, ३०० अश्वशक्तीची दोन विमान-इंजिने, वेग ताशी ३२ सागरी मैल. २९ डिसेंबर १९२९ च्या धुकट पहाटे ऱ्होड आयलंडच्या नॅरॅगॅन्सेट खाडीत तिची गाठ ‘सीजी-२९०’ या गस्ती नौकेशी पडली. मशीनगन चालली. नौकेवरच्या चौघांपैकी तिघे जागीच ठार झाले, एक जखमी झाला. किनाऱ्यावर आणि बॉस्टनमध्ये लोकांचा संताप उसळला, पण गोळीबार करणाऱ्यांवर खटला उभा राहिला नाही. नौका दुरुस्त करून ‘सीजी-८०८’ या नावाने तटरक्षक दलातच घेतली गेली. तीन माणसे गेली, वेग मात्र वाया जाऊ दिला नाही. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली आणि अशा नौकांचा पोटापाण्याचा धंदा एका दिवसात बुडाला.

दुसरी भरती: १९४५ नंतर

‘मिस अमेरिका एक्स’मधल्या पॅकार्ड इंजिनाचा वंश दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या ‘पीटी’ या टॉर्पेडो नौकांत उतरला. ८० फुटांची लाकडी नौका, सुमारे ४१ लिटर आकारमानाची तीन इंजिने आणि पोटात ११,००० लिटरच्या वर विमानाचे पेट्रोल. युद्ध संपले तेव्हा या नौका कोणालाच परवडण्यासारख्या नव्हत्या, नौदलालासुद्धा. १९४५ च्या अखेरीस फिलिपिन्समधील समारच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक पीटी नौका, कामाचे सामान काढून घेऊन, जाळून टाकण्यात आल्या. घरी नेण्यापेक्षा जाळणे स्वस्त होते. जगातील सर्वांत वेगवान ताफ्यांपैकी एकाच्या उरलेल्या किमतीचा हा सरकारी हिशोब.

ज्या नौका विकल्या गेल्या त्यांचे पुढचे आयुष्य अभ्यासण्यासारखे आहे. ‘पीटी-३०५’ ही भूमध्य समुद्रात लढलेली ७८ फुटी नौका १९४८ साली विकली गेली. ती काही काळ न्यूयॉर्कमध्ये पर्यटकांना फिरवत होती, मग मेरीलंडच्या चेसापीक खाडीत कालवांच्या धंद्यात आली. तिथल्या मालकाने तिची लांबी सुमारे १३ फुटांनी कापली, कारण ६५ फुटांच्या वर गेले की परवान्याचे नियम कडक होत. मूळ पॅकार्ड इंजिने केव्हाच गेली होती. नौकेचा हा अपमान वाटेल, पण त्याच अपमानामुळे ती जगली. २००७ मध्ये ती न्यू ऑर्लिन्सच्या दुसऱ्या महायुद्ध संग्रहालयाकडे आली, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे राबून तिला मूळ रूप दिले आणि २०१७ पासून ती पुन्हा पाण्यावर धावू लागली.

इंग्लंडमध्येही तसेच घडले. नौदलाच्या टॉर्पेडो नौका इंजिने काढून विकल्या गेल्या आणि घरांच्या टंचाईच्या त्या काळात दक्षिणेकडच्या खाड्यांमध्ये कुटुंबे त्यांत राहू लागली. १९३७ साली बांधलेली आणि डंकर्कच्या माघारीत वापरलेली ‘एमटीबी-१०२’ युद्धानंतर खासगी सफरीची नौका झाली आणि १९७३ मध्ये नॉरफोकच्या बालवीर पथकाकडे आली. ती आजही तरंगते आहे.

याउलट ‘पीटी-५९’ची कथा. ‘पीटी-१०९’ बुडाल्यानंतर जॉन केनेडी यांनी सॉलोमन बेटांच्या परिसरात ज्या नौकेची सूत्रे हाती घेतली ती हीच. युद्धानंतर ती मासेमारीच्या सहलींसाठी विकली गेली, मग राहती नौका झाली. १९७० च्या सुमारास एका शिक्षकाने ती सुमारे हजार डॉलरला घेतली आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम नदीत तिच्यावर संसार थाटला. तिचा इतिहास कळल्यावर तिला कोणी तरी वाचवावे असे त्याला वाटत होते, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. अखेर ती तिथेच बुडाली. २०२० मध्ये नदीकाठी बांधकाम निघाले तेव्हा चिखलातून जे लाकडी अवशेष वर आले, ते तिचेच मानले जातात. ८० फुटांची लाकडी नौका केवळ तरंगत ठेवायलासुद्धा सतत पैसा लागतो. हजार डॉलर हे फक्त तिच्या दारात शिरायचे तिकीट होते.

तिसरी भरती: न कुजणारे अंग

लाकडी नौकेला एक नैसर्गिक शेवट असतो. १९६० नंतर तो शेवटच लांबणीवर पडला. रे हंट या आरेखकाने तळाला टोकापासून मागपर्यंत खोल ‘व्ही’ आकार दिला, त्यामुळे लाटांवर आदळणारी नौका त्या कापत जाऊ लागली. डिक बर्ट्रॅमने या आराखड्याची ‘मॉपी’ ही नौका १९६० च्या मायामी-नॅसॉ शर्यतीत उतरवली. समुद्र खवळलेला होता, तरी ती आठ तासांत पोहोचली. दुसरी नौका दोन तासांनी आली, तिचाही तळ खोल ‘व्ही’चाच. मग ‘मॉपी’वरूनच साचा काढून फायबरग्लासच्या नौका विकल्या जाऊ लागल्या.

डॉन ॲरोनॉव याने मायामीत या तंत्राचा धंदा केला. फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि अखेर सिगारेट, एकामागून एक कंपन्या काढल्या आणि विकल्या. ‘सिगारेट’ हे नाव त्याने दारूबंदीच्या काळातील एका वेगवान नौकेवरून घेतले असे सांगितले जाते. नावातच वारसा होता. १९८० च्या दशकात कॅरिबियन समुद्रातून अमली पदार्थ आणणाऱ्यांना अशाच नौका हव्या होत्या. त्यांना पकडणाऱ्या सीमाशुल्क खात्यानेही ‘ब्लू थंडर’ नौका ॲरोनॉवच्याच कारखान्यातून घेतल्या. ३ फेब्रुवारी १९८७ रोजी मायामीत, ज्या रस्त्यावर त्याचे कारखाने होते तिथेच, त्याचा गोळ्या घालून खून झाला. दरम्यान जप्त नौकांचे लिलाव पुन्हा सुरू झाले होते. साठ वर्षांपूर्वीचा खेळ, फक्त माल वेगळा.

त्यात १९९० च्या कायद्याने भर घातली. १ लाख डॉलरच्या वरच्या नव्या नौकेवर, त्या वरच्या रकमेवर १० टक्के चैनकर १९९१ पासून लागला. तो पहिल्या विक्रीवरच होता, म्हणून वापरलेली नौका त्यातून सुटली. धनिकांनी नव्या नौका घेणे लांबणीवर टाकले किंवा ते जुन्या बाजाराकडे वळले. कर धनिकांवर आणि घाव मात्र नौका बांधणाऱ्या सुतार-फिटरांच्या नोकऱ्यांवर, असा प्रकार झाला. १९९३ मध्ये नौकांवरचा हा कर रद्द करावा लागला.

मग घ्यावी की नाही?

फायबरग्लासने बाजार बदलला तो असा. अंग चाळीस वर्षे टिकते, इंजिन तेवढे टिकत नाही. म्हणून बेताच्या खिशाचा माणूस अंगाच्या चकाकीला भुलतो. पण त्या काळच्या बहुतेक नौकांत फायबरग्लासच्या थराखाली लाकूड आहेच. तळाला ताठपणा देणाऱ्या लांब पट्ट्या आणि इंजिनाचा जोर झेलणारी मागची भिंत यांत प्लायवूड दडलेले असते. कुठल्या तरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरते आणि लाकूड आतल्या आत मऊ होते. लहान हातोडीने ठोकत गेले, तर चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा भद्द. खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे बिडाचे भाग आतून गंजतात. नौकेच्या मागे बाहेर लोंबणाऱ्या ड्राइव्हचे रबरी भाते फाटले तर पाणी थेट आत येते. इंजिन किती तास चालले हा आकडा महत्त्वाचा, पण वर्षानुवर्षे न चालता उभे राहिलेले कमी तासांचे इंजिन हे चांगले लक्षण नव्हे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा, स्वतंत्र तपासनीस नेमावा, आणि पाण्यावर पूर्ण जोरात चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

हे सगळे आजचे तंत्र झाले. इतिहास त्यापेक्षा मोठी गोष्ट सांगतो असे मला वाटते. स्वस्तात आलेला वेग तीनच प्रकारच्या लोकांनी टिकवला. वूडसारख्यांनी, ज्यांनी नौकेबरोबर दुरुस्तीचे कौशल्यही मिळवले. तस्करांनी, ज्यांनी तेलाचा खर्च गुन्ह्यातून काढला आणि कधी जिवाने फेडला. आणि कालवे वाहणाऱ्या त्या मेरीलंडच्या मालकासारख्यांनी, ज्यांनी नौका ठेवली आणि वेग सोडून दिला. चौथा प्रकार म्हणजे किमतीवर भाळून नौका घेतलेला आणि पुढच्या खर्चाचा हिशोब न केलेला माणूस. त्याची नौका धक्क्यावर बांधलेली राहते आणि एका पावसाळ्यात बुडते.

दारात हत्ती बांधण्याची हौस वाईट नाही. कोणी मला विचारलेच, तर मी सांगतो की जेवढे पैसे जवळ आहेत त्यांतले निम्मेच नौकेवर घाला आणि उरलेले पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. एवढे जमत नसेल, तर एक इंजिन असलेली लहान नौका घ्या. ती तीस सागरी मैलांनी धावणार नाही, पण रविवारी सकाळी सुरू होईल.